हळू आवाजाची गोष्ट : म्हैसूरची वीणा, राजवाड्यातले स्पीकर आणि घरातली गिटार



आजचा विषय अगदी घरगुती आहे. इलेक्ट्रिक गिटार घरी वाजवायची आहे. दिवसा कॉलेज किंवा नोकरी, त्यामुळे हातात वेळ येतो तो रात्री साडेनऊनंतर. शेजारच्या खोलीत आई-वडील झोपलेले असतात, भिंतीपलीकडे दुसरं कुटुंब असतं. गिटारचा अँप लावला तर तक्रार येते आणि हेडफोन लावला तर तासाभरात कान शिणतात. मग कुणीतरी सल्ला देतं, ‘स्टुडिओ मॉनिटर घे.’ आणि पुढचा प्रश्न येतो : कोणते घ्यायचे?

स्टुडिओ मॉनिटर म्हणजे ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ऐकण्यासाठी बनवलेला स्पीकर. आवाज गोड करून सांगणं हे त्याचं काम नाही. जे आत आलं ते शक्य तितकं तसंच बाहेर द्यायचं, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. दुकानात गेलात की तुम्हाला वॅट सांगतात, इंच सांगतात, किंमत सांगतात. पण हळू आवाजात हा स्पीकर कसा वागतो, हे सहसा कुणी सांगत नाही. आणि आपल्याला तर तेच हवं आहे.

हा प्रश्न समजून घ्यायला मी आज तुम्हाला म्हैसूरला नेणार आहे. तिथे गिटारचा काही मोठा कारखाना आहे असं नाही. पण लहान आवाज, घरातला आवाज, तो पकडायचा कसा आणि ऐकायचा कसा, या प्रश्नाचे जवळजवळ सगळे टप्पे या एका शहरात भेटतात.

खोलीपुरतं वाद्य

सुरुवात वीणेपासून करू. म्हैसूरची वीणेची परंपरा मोठी. वीणा शेषण्णा (१८५२ ते १९२६), त्यांच्यानंतर वीणा वेंकटगिरियप्पा, आणि त्यांचे शिष्य व्ही. दोरेस्वामी अय्यंगार. आपल्या मराठी माणसांसाठी शेषण्णांची एक आठवण खास आहे. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी त्यांचा सन्मान केला आणि मिरवणुकीसाठी पालखी दिली. शेषण्णांनी पालखीत वीणा ठेवली आणि स्वतः बाजूने चालत निघाले, असं सांगतात. वाद्याचा मान राखणारा माणूस.

आता हे वाद्य कसं आहे बघा. सरस्वती वीणेला सात तारा : चार वाजवायच्या, तीन ताल-श्रुतीच्या. चोवीस पडदे. तार छेडली की स्वर उमटतो आणि लगेच विझायला लागतो. वादक त्या विझणाऱ्या स्वरातच तार पडद्यावर आडवी ओढून गमक काढतो. म्हणजे एका छेडीवर दोन-तीन स्वर निघतात आणि शेवटचा स्वर जवळजवळ कुजबुजीइतका असतो. पण रागाचा खरा चेहरा पुष्कळदा त्या कुजबुजीत दिसतो.

गिटार वाजवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. तार ओढून स्वर वर नेणं, म्हणजे ज्याला आपण ‘बेंड’ म्हणतो, ते याच कुळातलं आहे. छेडीचा ठोका सगळ्यांनाच ऐकू येतो. वादकाचा हात कळतो तो मागच्या, विझत जाणाऱ्या भागात. या भागाला आपण आज ‘स्वराची शेपटी’ म्हणू. ही शेपटी लक्षात ठेवा, कारण मॉनिटर निवडताना आपल्याला तिचाच उपयोग होणार आहे.

वीणा हे खोलीचं वाद्य होतं. दिवाणखान्यात, देवघरात, दरबाराच्या एखाद्या दालनात पंधरा-वीस माणसं जवळ बसून ऐकायची. तिचा आवाज लहान आहे म्हणून ती कमी दर्जाची, असं म्हैसुरात कुणाला वाटलं नाही.

कर्ण्यासमोर ओरडणारे दिवस

मग यंत्र आलं, आणि यंत्राला लहान आवाज चालत नव्हता.

गौहर जान हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्ग यांनी त्यांचं गाणं तबकडीवर घेतलं. भारतातल्या पहिल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांपैकी ते एक. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. एक मोठा कर्णा, त्याच्या टोकाला पडदा, पडद्याला सुई आणि सुईखाली मेण. गाणाऱ्याच्या आवाजानेच सुई हलायची. म्हणजे आवाज जोरकस हवा, तोंड कर्ण्याजवळ हवं आणि सगळं तीनेक मिनिटांत संपायला हवं. मऊ, पातळ आवाजाची वाद्यं त्यात हरवत. व्हायोलिनचा आवाज पुरेना म्हणून त्याला लाकडी पेटीऐवजी पत्र्याचा कर्णा लावलेलं ‘स्ट्रो व्हायोलिन’ निघालं. यंत्रासाठी वाद्यच बदलावं लागलं.

गौहर जान यांचे शेवटचे दिवस म्हैसुरात गेले. ऑगस्ट १९२८ मध्ये चौथे कृष्णराज वडियार यांनी त्यांना दरबारी गायिका म्हणून नेमलं, आणि १७ जानेवारी १९३० रोजी त्यांचं म्हैसुरातच निधन झालं.

त्या सुमारास ध्वनिमुद्रणाचं तंत्र पार बदललं होतं. १९२५ पासून अमेरिकेत मायक्रोफोन आणि विजेच्या साहाय्याने तबकड्या निघू लागल्या. त्याच वर्षी चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अभियंत्यांनी विजेवर चालणाऱ्या स्पीकरचा आराखडा मांडला : चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, वेटोळ्याला चिकटलेला कागदी शंकू. आज तुमच्या टेबलावर जो मॉनिटर येणार आहे, त्याचं मूळ तत्त्व हेच आहे.

या बदलाने काय झालं ते आपल्या माणसांत बघायचं तर मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांकडे बघा. म्हैसूर दरबारात त्यांचं गाणं होत असे. त्यांचा आवाज बारीक, नाजूक आणि सुरात भिजलेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात कर्ण्यासमोर घेतलेल्या त्यांच्या तबकड्या आहेत, आणि १९३० च्या दशकात मायक्रोफोनसमोर घेतलेल्याही. दोन्ही लागोपाठ ऐका. पहिल्यांत गाणं आहे. दुसऱ्यांत गाणं आहे, श्वास आहे, आणि स्वर सोडताना तो कसा सोडला हेही आहे. मायक्रोफोनने आवाज मोठा केला हे तर झालंच, पण हळू गाणाऱ्याला हळूच गाऊ दिलं, हे जास्त महत्त्वाचं.

प्राध्यापकांच्या घरातलं रेडिओ केंद्र

आता पुन्हा म्हैसूर. साल १९३५, तारीख १० सप्टेंबर. म्हैसूरच्या महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून रेडिओ केंद्र सुरू केलं. घराचं नाव ‘विठ्ठल विहार’. पहिला प्रक्षेपक फक्त ३० वॅटचा होता, पुढे २५० वॅटचा आला. केंद्राला नाव दिलं ‘आकाशवाणी’. पुढे म्हैसूर संस्थानाने ते केंद्र चालवायला घेतलं, आणि स्वातंत्र्यानंतर ऑल इंडिया रेडिओने हेच नाव देशभर स्वीकारलं. ‘हे आकाशवाणीचं पुणे केंद्र आहे’ हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो, त्यातला तो शब्द म्हैसूरच्या एका घरातून निघालेला आहे.

आपल्या विषयासाठी यात दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की स्टुडिओ घरात असू शकतो, हे इथे सिद्ध झालं. स्टुडिओसाठी खोली शांत लागते, माणूस जवळ लागतो, मायक्रोफोन लागतो. मोठी इमारत नंतर आली तरी चालते.

दुसरी गोष्ट वॅटची. आज पाच इंची मॉनिटरच्या एका पेटीत ४०-५० वॅटचा अँप्लिफायर सहज असतो. रेडिओलहरींचे वॅट वेगळे आणि स्पीकरचे वॅट वेगळे, हे मान्य. तरी त्या ३० आकड्यावरून एक अंदाज येतो की थोड्या ताकदीत पुष्कळ काम होतं. स्पीकरच्या बाबतीत तर हिशोब अजून गमतीचा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे जेमतेम लक्षात येण्याइतका. कानाला दुप्पट मोठा वाटायचा तर दहापट वॅट लागतात. उलट बाजूने, घरात हळू ऐकताना स्पीकर एक वॅटसुद्धा खात नाही. तेव्हा दुकानदार म्हणाला, ‘हा ५० वॅटचा, तो ८० चा’, तर रात्री वाजवणाऱ्याने त्या फरकासाठी पैसे मोजायचं काही कारण नाही.

राजवाड्यातले स्पीकर

आता म्हैसूरच्या गोष्टीतला सगळ्यात नवलाचा भाग. १९४० साली जयचामराजेंद्र वडियार गादीवर आले, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. पियानो वाजवणारे, पाश्चात्त्य संगीताचे गाढे जाणकार, आणि पुढे कर्नाटक संगीतातले रचनाकारही. त्यांच्याकडे तबकड्यांचा जो संग्रह होता, तो सुमारे २०,००० असल्याचा अंदाज सांगितला जातो.

१९४९ मध्ये लंडनहून वॉल्टर लेग म्हैसूरला आले. हे इएमआय कंपनीचे मोठे ध्वनिमुद्रण निर्माते आणि फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राचे संस्थापक. त्यांनी नंतर आठवणी लिहिल्या, त्यांत या भेटीचं वर्णन आहे. एका राजवाड्यात गंभीर संगीताच्या तबकड्यांचं भांडार, मैफलीचे मोठे पियानो, आणि नाना तऱ्हेचे लाउडस्पीकर! म्हणजे पंचाहत्तर-एक वर्षांपूर्वी म्हैसुरात एक जाणकार श्रोता वेगवेगळे स्पीकर जमवून ऐकत होता. आपला आजचा प्रश्न त्या वाड्यात तेव्हाच येऊन गेला होता, फक्त खिसा मोठा होता.

आणि या माणसाने ऐकलं काय? निकोलाय मेटनर नावाचे रशियन संगीतकार लंडनमध्ये म्हातारपणी, आजारी अवस्थेत, जवळजवळ विस्मरणात गेलेले. त्यांचं संगीत त्यांच्याच हातून ध्वनिमुद्रित व्हावं म्हणून महाराजांनी मेटनर सोसायटी उभी करून खर्च उचलला. मेटनर यांनी आपला तिसरा पियानो कॉन्चेर्तो म्हैसूरच्या महाराजांना अर्पण केला. १९५१ मध्ये ते वारले, पण त्यांचा हात आजही ऐकायला मिळतो, तो म्हैसूरमुळे. फिलहार्मोनियालाही महाराजांनी वर्षाला १०,००० पौंडांप्रमाणे तीन वर्षं मदत दिली.

मग २२ मे १९५०. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रिचर्ड श्ट्राउस यांची ‘शेवटची चार गाणी’ पहिल्यांदा सादर झाली. गायिका कर्स्टन फ्लागस्टाड, संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलर. कार्यक्रमाच्या खर्चाची हमी महाराजांनी घेतली होती, आणि त्याचं ध्वनिमुद्रण करून म्हैसूरला पाठवायचं असं ठरलं होतं. त्या रात्रीचं जे ध्वनिमुद्रण टिकलं, ते खरखरीने भरलेलं आहे. चांगला स्पीकर लावलात तर ती खरखर आणखी स्पष्ट ऐकू येते. पण त्या खरखरीमागचा फ्लागस्टाडचा आवाजही स्पष्ट होतो. मॉनिटरकडून नेमकं हेच हवं असतं. तो दोष लपवत नाही, आणि म्हणूनच गुणही गिळत नाही.

गिटारने उलटी दिशा धरली

एव्हाना ऐकण्याचं तंत्र हळू आवाजाच्या बाजूने आलं होतं. गिटार मात्र उलट दिशेने निघाली.

इलेक्ट्रिक गिटार १९३० च्या दशकात आली ती बँडमधल्या पितळी वाद्यांत गिटार ऐकू येत नव्हती म्हणून. १९६० च्या दशकात मैफली मोठ्या झाल्या, पण सभागृहांची ध्वनियंत्रणा लहानच होती. मग गिटारवाल्यानेच आपला अँप मोठा करायचा. लंडनमध्ये जिम मार्शल यांनी आधी छोटे आणि मग १०० वॅटचे व्हॉल्व्ह अँप बनवले, सोबत बारा इंची चार स्पीकरांची पेटी. हे अँप जवळजवळ पूर्ण वर केले की व्हॉल्व्ह दमतात, स्वराच्या लाटेचे शेंडे छाटले जातात, आणि तो फाटका, भरदार आवाज निघतो. लोकांना तोच आवडला. इथून एक समजूत घट्ट झाली की गिटारचा ‘खरा’ आवाज मोठ्यानेच निघतो.

या समजुतीची किंमत कानांनी मोजली. असा अँप खोलीत पूर्ण लावला तर जवळ ११० डेसिबलच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेचं प्रौढांसाठीचं माप असं आहे : ८० डेसिबल असेल तर आठवड्याला ४० तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करत जायचा. ९० ला चार तास उरतात. ११० ला? आठवड्यात जेमतेम अडीच मिनिटं. एक गाणंसुद्धा पुरं होत नाही.

म्हैसूरचं नाव इथेही येतं. वाणी आणि श्रवण या विषयावरची देशातली मोठी सरकारी संस्था, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग, १९६५ पासून म्हैसुरात आहे. देशभरातून लोक तिथे कान तपासायला येतात आणि श्रवणतज्ज्ञ तिथे शिकून बाहेर पडतात. मोठ्या आवाजाने आतल्या कानातल्या ज्या सूक्ष्म केसपेशी मरतात, त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत. आणि सहसा आधी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या, म्हणजे तारेचा झणत्कार, तुमच्या नखीचा स्पर्श. जे ऐकण्यासाठी वाद्य हातात घेतलं, तेच आधी जातं.

गिटारच्या जगातही वाट वळली. टॉम शोल्झ या एमआयटीत शिकलेल्या अभियंत्याने ‘बॉस्टन’ बँडचा पहिला अल्बम मुख्यतः घराच्या तळघरात तयार केला. तो १९७६ मध्ये आला आणि प्रचंड खपला. १९८२ मध्ये त्याने ‘रॉकमन’ नावाची छोटी डबी काढली. गिटार तिच्यात लावायची, हेडफोनवर मोठ्या अँपसारखा आवाज यायचा. १९९८ मध्ये ‘लाइन सिक्स’चा ‘पॉड’ आला आणि अँप, पेटी, मायक्रोफोन या साखळीची नक्कल संगणकी गणिताने होऊ लागली. अँप दमवायला आता मोठ्या आवाजाची गरज उरली नाही.

लहान पेटीचं घराणं

मॉनिटर लहान कसा झाला, त्याचं उत्तर पुन्हा रेडिओत आहे. १९७० च्या दशकात बीबीसीला बाहेरच्या कार्यक्रमांसाठी गाड्यांत बसून ध्वनी तपासावा लागे. मोठा स्पीकर गाडीत मावत नव्हता, आणि हेडफोनवर सगळा निर्णय घेणं बरं नव्हतं. म्हणून त्यांच्या अभियंत्यांनी ‘एलएस थ्री फाइव्ह ए’ बनवला. फूटभर उंचीची बंद पेटी, पाच इंची वूफर, छोटा ट्वीटर. तो मोठ्याने वाजत नाही, खूप खालचे स्वर देत नाही. पण माणसाचा आवाज अरुंद जागेत, जवळून, हळू ऐकला तरी खरा वाटतो. एका मीटरवर साधारण बोलण्याइतका आवाज काढायला त्याला वॅटचा शंभरावा भागसुद्धा पुरतो. १९७८ मध्ये फिनलंडमध्ये जेनेलेक कंपनी सुरू झाली, तीही तिथल्या सरकारी रेडिओला आत अँप्लिफायर असलेले छोटे मॉनिटर हवे होते म्हणून.

म्हणजे तुमच्या टेबलावरचा मॉनिटर कुळाने रेडिओच्या खोलीतला आहे. गिटारची बारा इंची पेटी ही सभागृहातली. रात्रीच्या वादनाला पहिलं कुळ जवळचं.

मग निवडायचं कसं?

आता या इतिहासातून हाती काय लागतं ते क्रमाने बघू.

पहिली गोष्ट, आकार. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. पाच इंची चांगला मॉनिटर त्याच्याही खाली पोचतो. लहान खोलीत आठ इंची घेतलात तर जास्तीचा खालचा भाग कोपऱ्यांत साठतो, आणि तोच स्लॅबमधून, भिंतीतून शेजाऱ्याकडे जातो. खालचे स्वर अडवणं सगळ्यात कठीण. भारतातल्या नियमांप्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. खोलीत बोलण्याइतका आवाज ठेवलात आणि खिडकी बंद केलीत, तर ती पाळणं अवघड नाही.

दुसरी गोष्ट कानाची. १९३३ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं की आवाज जसा कमी होतो तसा कान खालच्या स्वरांना जास्त बहिरा होतो. हळू ऐकताना १०० हर्ट्झचा स्वर मधल्या स्वराइतका वाटायला वीस डेसिबलहून अधिक जोर लागतो. मोठ्याने ऐकताना हा फरक बराच कमी होतो. म्हणून हळू आवाजात गिटार पातळ वाटते, आणि आपण खालचा भाग वाढवतो. घरी वाजवायचं असेल तर खुशाल वाढवा. मात्र हीच सेटिंग मंचावर नेलीत तर घुमघुम होईल. घरची सेटिंग वेगळी साठवा, मंचाची वेगळी.

तिसरी गोष्ट, शांतता. मॉनिटर चालू करा, काहीही वाजवू नका, मीटरभर अंतरावर बसा. ट्वीटरमधून ‘सूं’ असा आवाज येतो का? दिवसा दुकानात तो कळत नाही, रात्री घरात कळतो. मोठ्याने वाजवणाऱ्याला त्याचं काही नाही. आपल्याला आहे, कारण स्वराची शेपटी त्या ‘सूं’मध्ये बुडते. शक्य असेल तर परत करण्याची मुदत विचारून घ्या आणि ही परीक्षा घरी, रात्री करा.

चौथी, बटण. काही मॉनिटरांचा आवाज बटण जरा फिरवलं की एकदम उसळतो. हळू पातळीवर बारीक फेरफार करता येतो का ते पाहा. शक्यतो आवाज ऑडिओ इंटरफेसवर ठेवा, म्हणजे मागे हात घालावा लागणार नाही.

पाचवी, पेटीची नक्कल. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५,००० हर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. मॉनिटर २०,००० पर्यंत देतो. त्यामुळे फाटका आवाज सरळ मॉनिटरमध्ये सोडला तर माशी घोंगावल्यासारखा येतो. लोक मॉनिटरला दोष देतात. दोष त्याचा नसतो. साखळीत ‘कॅब सिम्युलेशन’ चालू करा, म्हणजे वरचा भाग जागेवर येतो.

सहावी, जागा. दोन मॉनिटर आणि तुमचं डोकं, तिन्ही सारख्या अंतरावर. ट्वीटर कानाच्या उंचीला. भिंतीपासून जमेल तेवढे पुढे, आणि टेबलावर ठेवायचे तर खाली फोमच्या गाद्या. मागे भोक असलेली पेटी भिंतीला चिकटवलीत तर खालचा आवाज फुगतो. बहुतेक मॉनिटरांच्या मागे तो कमी करायचा खटका असतो, तो वापरा.

सातवी, वीज. आपल्याकडे गुणगुण बहुधा ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या पटींची असते. अर्थिंग नीट आहे ना ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या, बॅलन्स्ड केबल वापरा, मॉनिटर आणि इंटरफेस एकाच बोर्डवर लावा. हजारो रुपयांचा मॉनिटर बदलण्याआधी हा छोटा खर्च करा.

आणि शेवटची. हळूलाही खालची मर्यादा आहे. फार कमी केलंत तर मॉनिटरपेक्षा गिटारच्या तारांचा कोरडा टकटक आवाजच जास्त येतो, आणि हात नकळत जोर लावू लागतो. तिथून आवाज थोडा वर घ्या आणि थांबा. ती तुमची रात्रीची पातळी. बटणावर पेन्सिलने खूण करून ठेवा.

यात पणाला काय लागलं आहे

तुम्ही म्हणाल, एवढा इतिहास कशाला, मॉडेलचं नाव सांगून मोकळे व्हा. मॉडेलं दर दोन वर्षांनी बदलतात. पण ‘मोठा आवाज म्हणजे खरा आवाज’ ही समजूत बदलत नाही, आणि तिच्यामुळे घराघरांत दोनच गोष्टी घडतात. एक तर मुलगा किंवा मुलगी हेडफोन लावून, आवाज वाढवत वाढवत कान खराब करते. नाहीतर दोनचार तक्रारी झाल्यावर गिटार कपाटावर जाते आणि तिथेच राहते. बेळगाव असो, इंदूर असो, हैदराबाद असो की म्हैसूर, आपली घरं आता मोठी होणार नाहीत आणि भिंती जाड होणार नाहीत. रात्रीचा तो तासभर वाचवायचा तर हळू वाजवण्याला कमीपणा मानणं सोडावं लागेल.

वीणेच्या शहराला हे फार आधीपासून माहीत होतं. चांगलं वाद्य लहान आवाजात अपुरं होत नाही, ऐकणाऱ्याला जवळ यावं लागतं एवढंच. मॉनिटर तुम्हाला जवळ आणतो.

तेव्हा दुकानात जाल तेव्हा स्वतःची गिटार न्या. दोन जोड्या निवडा आणि दोन्हींचा आवाज सारखाच ठेवायला सांगा, कारण जो जरा मोठा असतो तो कानाला उगाच चांगला वाटतो. मग बोलण्याइतक्या पातळीवर एकच स्वर छेडा, तार थोडी ओढा, आणि हात न उचलता तो विझेपर्यंत ऐका. ज्या जोडीवर स्वराची शेपटी जास्त वेळ ऐकू आली, ती घरी आणा.